बत्तिशीचा सौदा

अमेरिकन क्लायंटबरोबर सोमवारचा कॉल असला, की पहिली पाच मिनिटं कामाची नसतातच. सप्टेंबर ते फेब्रुवारी तर नाहीच नाही. हिंजवडी असो नाहीतर ऐरोली, हेडसेट लावून बसलेल्या आपल्या मंडळींना पलीकडच्या ‘हाय गाइज’वरूनच कळतं, की काल साहेबांची टीम जिंकली की आपटली. आणि ऑक्टोबर संपत आला, की एक फर्माईश हमखास कानावर पडते. आम्हाला एक पास रशर पाहिजे, कुणीतरी ट्रेड करून आणा रे!

आपण ‘ओ येस, टोटली’ म्हणतो आणि एक्सेल शीट उघडतो.

आजचा कॉलम या ‘ओ येस’वाल्यांसाठी. पुढच्या वेळी तुमच्याकडे स्वतःचं मत असेल. नसलं तर माझं घ्या, उसनं.

आधी थोडी शिकवणी. हा फुटबॉल मेस्सीचा नव्हे, हेल्मेटवाल्यांचा. एनएफएल. इथला हीरो म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्या हातात बॉल आला, की त्याला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि फेकायचा. पास रशर म्हणजे हे अडीच सेकंद खाऊन टाकणारा माणूस. ११०-१२० किलोचं धूड एका टोकाला ओणवं उभं असतं. बॉल हलला, की समोरच्या दीडशे किलोच्या रखवालदाराला हुलकावणी द्यायची, नाहीतर सरळ ढकलायचं, आणि क्वार्टरबॅकवर झेप. बॉल सुटायच्या आत त्याला आडवा केला, की झाला ‘सॅक’. १९८२ पासून या सॅकची अधिकृत मोजदाद होते. एका मोसमात दहा सॅक झाले, की खेळाडू खूश, एजंट त्याहून खूश.

आता ट्रेड. आपल्याकडे आयपीएलमध्ये पैसे मोजून माणूस उचलता येतो. तिकडे चलन वेगळं. दर एप्रिलमध्ये कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. ३२ टीम, सात फेऱ्या. गेल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेली टीम आधी निवडणार, चॅम्पियन शेवटी. ही निवडण्याची पाळी म्हणजे ‘पिक’, आणि ट्रेडमध्ये बहुतेक वेळा हेच पिक हातचे सोडावे लागतात. म्हणजे उद्याची दोन कोवळी पोरं देऊन आजचा एक मुरलेला गडी घ्यायचा. प्रश्न एवढाच, की हा गडी तिशी ओलांडलेला असतो. गुडघ्यावर एखादं ऑपरेशन झालेलं, पगार तगडा, आणि जुनी टीम त्याला सोडायला तयार आहे म्हणजे काहीतरी भानगड असणार, ही शंका वेगळीच.

माझ्या आतेभावाला ही शंका पिढीजात असल्यासारखी येते. दादा मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो, गाड्यांच्या कंपनीत आहे. तो तिकडे गेला २००८ मध्ये. त्याच मोसमात डेट्रॉइट लायन्स १६ पैकी १६ सामने हरले. ज्या टीमने शेवटची चॅम्पियनशिप १९५७ मध्ये जिंकली आणि जी आजवर एकदाही सुपर बोलपर्यंत पोचली नाही, ती टीम या माणसाने पहिल्याच थंडीत आपली मानली. लग्नाच्या बाबतीत एवढी घाई केली नव्हती हो त्याने!

तर २०२४. लायन्स अचानक भारी झाले होते. आदल्या मोसमात ३२ वर्षांनी पहिल्यांदा प्लेऑफचा सामना जिंकला होता, सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे सॅन फ्रान्सिस्कोशी ३४-३१ असे हरले होते. मध्यंतराला २४-७ पुढे असताना. दादा त्यावर अजून बोलत नाही. नव्या मोसमात एडन हचिन्सन नावाचा त्यांचा पास रशर सुटला होता नुसता. २४ वर्षांचा, मिशिगनमध्येच वाढलेला, मिशिगन युनिव्हर्सिटीतच शिकलेला, म्हणजे अगदी घरचा मुलगा. पाच सामन्यांत साडेसात सॅक. आणि १३ ऑक्टोबरला डॅलसमध्ये, ४७-९ अशा फरकाने जिंकलेल्या सामन्यात, त्याचा पाय मोडला. नडगीची दोन्ही हाडं.

आपल्याकडे सोमवारची पहाट होती. दादाचा एकच शब्दाचा मेसेज आला, ‘संपलं.’

पुढचे तीन आठवडे डेट्रॉइटमध्ये दुसरा विषय नव्हता. ट्रेडची मुदत ५ नोव्हेंबरला संपत होती. मोठं काहीतरी द्या आणि मोठा माणूस आणा, असा एक पक्ष. आहे त्या पोरांना खेळवा, असा दुसरा. शेवटी मुदतीच्या दिवशी लायन्सनी क्लीव्हलंडकडून झडॅरियस स्मिथला घेतलं. वय ३२. दिलं काय, तर २०२५ चा पाचव्या फेरीतला आणि २०२६ चा सहाव्या फेरीतला पिक, आणि वर २०२६ चा सातव्या फेरीतला एक पिक परत घेतला. म्हणजे भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागून घेतात तसं.

दादा फोनवर वैतागलेला. ‘अगं, हचिन्सन गेला आणि याला आणलं! म्हातारा आहे तो!’

‘दादा, तू ४४ चा आहेस.’

‘मी सॅक करत नाही.’

मुद्दा बरोबर होता. पण म्हातारा आहे म्हणून घेऊ नये, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. वयाचं कारण फार सोपं आहे, म्हणून सगळे तेच देतात. पाय काय, २४ वर्षांच्या हचिन्सनचाही मोडला. ग्रीन बे पॅकर्सनी ऑगस्ट २०२५ मध्ये २६ वर्षांच्या मायका पार्सन्ससाठी पहिल्या फेरीतले दोन पिक आणि वर केनी क्लार्क हा खेळाडू दिला, वर्षाला सरासरी ४ कोटी ७० लाख डॉलर्सचा करार केला, आणि डिसेंबरात त्याचा गुडघा गेला. उलट खलील मॅक बघा. लॉस एंजेलिस चार्जर्सनी २०२२ मध्ये त्याला शिकागोकडून घेतलं. २०२३ मध्ये, ३२ व्या वर्षी, त्याने १७ सॅक काढले. त्यातले सहा एकाच सामन्यात! पास रशरचा पहिला झपाटा तिशीनंतर थोडा उतरतो हे खरं. पण हातांची लढाई, कोण केव्हा झुकणार याचा अंदाज, समोरच्याला तीनदा एकच चाल दाखवून चौथ्यांदा फसवणं, हे सगळं वयाबरोबर मुरत जातं.

आणि मोसमाच्या मध्यावर आणायचा, तर पास रशरच आणावा असं माझं मत आहे. क्वार्टरबॅकला नव्या टीमचं अख्खं पुस्तक पाठ करावं लागतं. पास रशरला मुख्यतः एकच काम असतं, समोरच्याला हरव आणि त्याला गाठ. ऑफिसात लॅपटॉप मिळायच्या आधी काम सुरू करता येईल असा हा जॉब.

मग घोडं अडतं कुठे?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १ नोव्हेंबर २०२१. लॉस एंजेलिस रॅम्सनी डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून व्हॉन मिलरला घेतलं. वय, पुन्हा, ३२. मिलर म्हणजे डेन्व्हरचा देव. २०११ मध्ये दुसऱ्या नंबरवर निवडलेला, सुपर बोल ५० मध्ये अडीच सॅक काढून सामनावीर ठरलेला, टीमच्या इतिहासात सगळ्यात जास्त सॅक त्याच्या नावावर. त्यासाठी रॅम्सनी २०२२ चे दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतले पिक दिले. आणि इथे एक बारीक गंमत आहे, जी बातम्यांच्या हेडलाइनमध्ये येत नाही. त्याच्या त्या मोसमाच्या उरलेल्या पगारातले ९० लाख डॉलर्स डेन्व्हरनेच भरले. रॅम्सच्या खिशाला जवळजवळ चाट नाही. थोडक्यात, चांगले पिक देऊन रॅम्सनी माणूस तर घेतलाच, पण त्याचं बिलही दुकानदारालाच भरायला लावलं. एनएफएलमध्ये प्रत्येक टीमच्या पगारखर्चावर कडक मर्यादा असते, सॅलरी कॅप. त्यामुळे असं बिल भरून घेणं ही चैन नव्हे, गरज.

सुरुवात कशी झाली? वाईट. नोव्हेंबरमधले तिन्ही सामने रॅम्स हरले. आपल्या न्यूज चॅनेलवाल्यांच्या हातात असतं तर मिलरला तेव्हाच घरी पाठवला असता. पण जानेवारीत तो पेटला. प्लेऑफच्या चार सामन्यांत चार सॅक, त्यातले दोन सुपर बोलमध्ये. १३ फेब्रुवारी २०२२ ला रॅम्सनी सिनसिनाटीला २३-२० असं हरवलं, तेही आपल्याच स्टेडियमवर. त्या सामन्यात जो बरो या बिचाऱ्या क्वार्टरबॅकला सात वेळा आडवा केला गेला. विजयाच्या मिरवणुकीत रॅम्सचे जनरल मॅनेजर लेस स्नीड जो टी-शर्ट घालून फिरले, त्यावर छापलेल्या वाक्याचा सभ्य मराठी भावार्थ, ‘गेले खड्ड्यात ते पिक’.

आता सगळे म्हणतात, मिलरने कप जिंकून दिला. मला विचाराल तर मिलरने जिंकून दिला नाही. मिलरला एकट्याला सोडणं समोरच्यांना परवडलं नाही, एवढंच. कारण आत मधोमध अ‍ॅरन डोनाल्ड उभा होता. त्या काळातला बहुधा सगळ्यात भयंकर बचावपटू. त्याला अडवायला दोन माणसं लागायची. कधी तीन. दुसऱ्या टोकाला लेनर्ड फ्लॉइड. म्हणजे मिलरसमोर उरायचा एकच माणूस, आणि एकास एक असेल तर ३२ वर्षांचा मिलरही मिलरच होता. सुपर बोलमध्ये डोनाल्डनेही दोन सॅक काढले, आणि सिनसिनाटीचा शेवटचा चेंडू बरोला घाईत फेकायला लावला तो डोनाल्डनेच.

माझं म्हणणं हे आहे. मुरलेला पास रशर ट्रेड करून घ्यावा, जरूर घ्यावा, पण दुसरा माणूस म्हणून. ज्याच्याकडे पहिला आहे त्यानेच. ज्याचा पहिला हरवलाय त्याने या सौद्यातून पहिला मिळेल अशी आशा धरू नये.

मॅकच्या त्या १७ सॅकचंच बघा ना. आकडा झकास. टीम? चार्जर्स त्या मोसमात ५ जिंकले, १२ हरले. कोच मोसमाच्या मध्येच गेला. एकट्याने किती घरं राखायची?

लायन्सचं नेमकं हेच झालं. स्मिथने वाईट खेळ केला नाही हो. डेट्रॉइटसाठी आठ सामन्यांत चार सॅक काढले. टीम १५-२ अशी रुबाबात पहिली आली. पण हचिन्सन नसताना समोरच्या टीमचं पहिलं लक्ष स्मिथवर. शिवाय डेट्रॉइटच्या बचाव फळीतले इतके खेळाडू तोपर्यंत जखमी झाले होते, की दादा म्हणायचा, आता पार्किंगवाल्याला हेल्मेट द्या. १८ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनचा जेडन डॅनियल्स, पहिल्याच मोसमातला पोरगा, डेट्रॉइटमध्ये आला आणि ४५-३१ असं हरवून गेला. लायन्सनी ब्लिट्झ करकरून बघितलं. ब्लिट्झ म्हणजे मागची राखणदार माणसंही क्वार्टरबॅकवर सोडायची. घर उघडं टाकून चोरामागे धावण्याचा प्रकार. डॅनियल्स सुटत राहिला.

दादाचा निष्कर्ष लगेच तयार. ‘बघ, म्हटलं होतं ना? फुकट गेला ट्रेड!’

नाही, दादा. त्या सामन्यात लायन्सनी स्वतः पाच वेळा बॉल घालवला. त्याला कुठला पास रशर काय करणार? पाचव्या-सहाव्या फेरीतले पिक ही अशा माणसाची रास्त किंमतसुद्धा नव्हे, स्वस्त किंमत. हा सौदा मीही केला असता. त्या किमतीत हचिन्सन मिळेल हे तेवढं मानलं नसतं. मार्च २०२५ मध्ये लायन्सनी स्मिथला सोडलं, म्हणजे हिशेब पुरता मिटला.

पुढची गोष्ट तर दादाला मी मुद्दाम सांगते. २०२५ मध्ये हचिन्सन परतला आणि त्याच्या दुसऱ्या बाजूने सॅक काढत होता अल-क्वादिन मुहम्मद, वय ३०, ज्याच्यासाठी लायन्सनी एकही पिक दिलेला नव्हता. पहिला माणूस जागेवर असला, की दुसरा कधी कधी असा घराच्या अंगणात सापडतो. तरीही त्या मोसमात टीम ९-८ वर अडकली, ती भानगड वेगळी. तिच्यावर दादाचा स्वतंत्र कॉलम होईल, आणि तो छापण्याजोगा नसेल.

फसलेल्या सौद्याचं खरं उदाहरण पाहिजे तर न्यूयॉर्क जेट्स. २०२४ च्या वसंतात त्यांनी फिलाडेल्फिया ईगल्सकडून हसान रेडिकला घेतलं. मागच्या चार मोसमांत मिळून साडेपन्नास सॅक! वय २९, म्हणजे बत्तिशी अजून लांब. किंमत, २०२६ चा तिसऱ्या फेरीतला पिक, आणि तो झकास खेळला तर तोच पिक दुसऱ्या फेरीतला होणार. कागदावर किती देखणं! फक्त एक गोष्ट राहून गेली. रेडिकला नवा करार हवा होता आणि तो ठरवायच्या आधीच जेट्सनी ट्रेड उरकला. गडी सरावाला आलाच नाही. सप्टेंबर उजाडला, सामने सुरू झाले, हा घरी. दंडाचे आकडे वाढतायत, हा घरी. ऑक्टोबरात हेड कोचला नारळ मिळाला, हा घरीच. सात सामने बुडवून शेवटी एकदाचा आला आणि उरलेल्या दहा सामन्यांत किती सॅक? एक.

जेट्स ५-१२. २०१० च्या मोसमानंतर प्लेऑफ न पाहिलेली टीम, तिच्या दुःखात एवढी भर.

हे वाचून एचआरमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणी हसतील. उमेदवाराचा नोटीस पीरियड आणि पगाराची अपेक्षा न विचारता त्याच्या नावाची पाटी दारावर लावायची, असा प्रकार झाला हा. तिशीच्या आसपासचा खेळाडू तुमच्यासारखाच हिशेब मांडत असतो. शरीराची आणखी दोन-तीन वर्षं शिल्लक, शेवटचा मोठा करार हाच, आणि खेळाडूंच्या करारातले बरेचसे पैसे टीम पुढे नाकारू शकते. एक वाईट रविवार आला की संपलं. त्याने अडून बसणं मला तरी गैर वाटत नाही. आधी त्याला न विचारणाऱ्या साहेबांना मात्र मी नापास करेन.

आणि ईगल्स? रेडिक गेला, पण त्यांनी आपली पोरं तयार केली होती. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये त्यांनी कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सला सहा वेळा आडवा केला, एकदाही ब्लिट्झ न करता. ४०-२२. घर सांभाळून चोर पकडला.

आता किमतीबद्दल थोडं, कारण तिथे सगळ्यांची गल्लत होते. पिक दिला म्हणजे नेमकं काय दिलं, हे देताना कुणालाच ठाऊक नसतं. जुगार जमला तर तुम्ही वरच्या नंबरवर येता आणि दिलेला पिक आपोआप मागे जातो. फसला तर तोच पिक पुढे सरकतो, महाग होतो. म्हणून रॅम्ससारख्या, ट्रेडच्या दिवशी ७-१ असलेल्या टीमने दुसऱ्या फेरीतला पिक देणं आणि ३-५ वाल्या टीमने तोच देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द एक, किंमत दोन. ३-५ वाल्याने त्या दिवशी फोन बंद ठेवावा आणि बायकोला जेवायला न्यावं.

ट्रेडनंतर जी करार करायची हौस येते, ती पिकहून घातक. मार्च २०२२ मध्ये बफलो बिल्सनी मिलरला सहा वर्षं, १२ कोटी डॉलर्सपर्यंतचा करार दिला. वय तोवर ३३ ला टेकलेलं. पहिल्या ११ सामन्यांत आठ सॅक, वाहवा. मग थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, तेही नेमकं डेट्रॉइटमध्ये, गुडघा गेला. २०२३ च्या मोसमात एकही सॅक नाही. मार्च २०२५ मध्ये त्याला सोडलं. रॅम्सनी अर्ध्या मोसमापुरता घेतला होता तोच माणूस. एकाला कप मिळाला, दुसऱ्याला हप्ते.

रॅम्सनाही पुढच्या वर्षी ५-१२ चा दणका बसलाच. पण त्यांना विचारून बघा, तो कप परत देऊन पिक हवेत का.

दादाला मी हे सगळं परवा ऐकवलं. तो म्हणाला, ‘म्हणजे तुझ्या मते डेन्व्हर वेडं, देव विकून बसलं.’

डेन्व्हर अजिबात वेडं नव्हतं. त्यांची टीम तेव्हा ४-४ होती, कुठेच पोचणार नव्हती, आणि मिलरचा करार संपत आलेला. रॅम्स चॅम्पियन झाले म्हणून तो दुसऱ्या फेरीतला पिक पार शेवटी गेला, ६४ वा. त्या ६४ व्या नंबरवर डेन्व्हरने निक बोनिटो नावाचा पोरगा घेतला. पास रशरच. २०२४ मध्ये त्याने साडेतेरा सॅक काढले, आणि त्या मोसमात अख्ख्या लीगमध्ये सर्वांत जास्त सॅक डेन्व्हरचे होते, ६३.

दादा जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘तो बोनिटो आम्हाला देतील का गं ते?’